नको-सभा

मारुती मंदिराच्या सर्कलला गाडी वळली तेव्हा आईचा डावा हात वर गेला. गुरुप्रसादला तो दिसला, कारण नेमका त्याच वेळी तो डाव्या आरशात मागून घुसणारी रिक्षा बघत होता. हात दाराच्या वर, छपराच्या कडेपाशी गेला. बोटं उघडली. तिथे काही सापडेना म्हणून ती थोडी पुढे सरकली, मग मागे आली, पत्र्यावरून एकदा फिरली, आणि हात गुपचूप खाली येऊन मांडीवरच्या पिशवीवर बसला. आई समोर बघत राहिली. सगळा प्रकार दोन सेकंदांचा असेल नसेल, पण गुरुप्रसादचे कान तापले. आपण काही चोरलंय आणि ते जिचं आहे ती बाई आपल्याच शेजारी बसून मुकाट्याने शोधतेय, असं त्याला वाटलं. त्याने उगाचच आरसा नीट केला. रिक्षा पुढे निघून गेली होती. आईला काहीतरी बोलावं म्हणून त्याने विचारलं, "ऊन लागतंय का गो आये?" आणि आई म्हणाली, "नाय रे बाबा, मस्त बसलेय." मस्त म्हणे! गाडी डुलत होती. ती डुलतेच. कागदावर तिचं नाव 'सुगम', पण सगळी रत्नागिरी तिला मचवा म्हणते, वळणावर होडीसारखी एका अंगावर कलते म्हणून. मचवा म्हटलं की ती बनवणाऱ्या कारखान्यातल्या माणसांना राग यायला हवा, पण तीही मचवाच म्हणतात, आणि ते म्हणण्यात लाडच जास्त असतो. नऊ वर्षं झाली. जुना मालक कारखान्याला कुलूप लावून गेला तेव्हा ज्या दोनशेदहा माणसांनी स्वतःची पुंजी घालून ते कुलूप काढलं, त्यांतला गुरुप्रसाद मांडवकर एक. तेव्हापासून फाटकावरचा वॉचमन रोज सकाळी प्रत्येकाला "या मालक" म्हणतो. पहिली दोन वर्षं सगळे हसायचे. मग सवय झाली, आणि सवयीबरोबर थोडी ऐटही आली.

डोळ्यांच्या दवाखान्यासमोर चढ आहे. गुरुप्रसादने गाडी तिथेच लावली, हँडब्रेक ओढला, मागून कोणीतरी हॉर्न मारला म्हणून मागे बघितलं. आईने दार उघडलं, डावा पाय बाहेर टाकला. अंग उचलायला पुन्हा तोच हात वर गेला, तिथे पुन्हा काही नव्हतं, आणि ती सबंध बाई डावीकडे कलंडून सिमेंटवर पडली. आवाज फारसा झाला नाही. पिशवीतला चष्म्याचा डबा तेवढा खडखडत उतारावरून गेला. दवाखान्याचा वॉचमन धावला, बाकड्यावरच्या दोन बायका धावल्या, आणि गुरुप्रसाद गाडीला वळसा घालून येईपर्यंत आई उठून बसलीसुद्धा होती, आणि डावं मनगट उजव्या हातात धरून सगळ्यांना सांगत होती, "काय नाय, काय नाय, माझाच पाय अडकला लुगड्यात." आणि गुरुप्रसाद काय बोलला? चार माणसांच्या देखत तो आईवर खेकसला, "सावकाश उतरायचं ना गो आये! काय घाई असते तुला!" ते बोलताना त्याला आपला आवाज ऐकू आला. खणखणीत होता. वॉचमनने मान डोलावली, म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं अशी. आई खाली बघून म्हणाली, "हो रे. चुकलंच माझं."

मनगट मोडलं होतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. दुसऱ्या दिवशी कारखान्यात नितेशने विचारलं, आईचं काय झालं म्हणे, तेव्हा गुरुप्रसादने सांगितलं की घरातल्या पायरीवरून घसरली. कुठून पडली असं नितेशने विचारलंच नव्हतं. पायरी गुरुप्रसादने आपणहून दिली. वर असंही सांगितलं की तिसरी पायरी जरा झिजलीय, फरशी बदलायचीच होती. खोटं बोलणाऱ्या माणसाला एवढं फरशीपर्यंत जायची काय गरज असते कोण जाणे. संध्याकाळी घरी आल्यावर तो त्या पायरीवरून चढला तेव्हा ती चांगली धडधाकट होती. 'मालक मंडळी' नावाच्या ग्रुपवर तोवर अठ्ठावीस जणांनी आईला लवकर बरं वाटो म्हणून हात जोडले होते.

कारखान्यात वर्षातून एकदा नको-सभा भरते. ही कल्पना कुणा एकाची नाही, पहिल्या वर्षी गाडी स्वस्त कशी ठेवायची यावर तीन दिवस भांडणं झाली, आणि शेवटी विठूदादा, जे आज अध्यक्ष आहेत, टेबलावर हात आपटून म्हणाले, "अरे, काय हवं ते राहू दे, काय नको ते बोला!" तेव्हापासून नियमच झाला. कँटीनमधली बाकं एकावर एक रचायची, मधोमध एक गाडी आणून उभी करायची, सगळ्यांनी भोवती जमायचं, आणि ज्याला वाटेल त्याने पुढे येऊन गाडीतल्या एका गोष्टीवर हात ठेवून म्हणायचं, "हे नको." मग का नको ते सांगायचं, मग हात वर. असं करत करत घड्याळ गेलं, कप्प्याचं झाकण गेलं, मागच्या काचा खालीवर करायची सोय गेली, गाडी हलकी झाली, आणि आयुष्यात कधी गाडी घेऊ न शकणाऱ्या माणसांनी ती घेतली. परकार हॉस्पिटलच्या रस्त्याला नाहीतर मिरकरवाड्यात मासळीच्या टोपल्या लादून उभा असलेला मचवा दिसला की गुरुप्रसादची छाती फुगायची. आणि ती खोटी फुशारकी नव्हती, हेही इथे सांगून टाकायला हवं. जे काढलं ते परत आणता येतं. पण नियम असा, की ज्याने काढलं त्यानेच सभेत उभं राहून "हे हवं" म्हणायचं. नऊ वर्षांत एकानेही ते म्हटलेलं नाही. उलट दर वर्षी सभेच्या सुरुवातीला यादी वाचतात, आजवर काय काय गेलं आणि ते कोणी काढलं, आणि प्रत्येक नावाला टाळ्या पडतात.

गुरुप्रसादचं नाव त्या यादीत चार वर्षांपूर्वी आलं. त्या सभेत सकाळपासून कोणालाच काही सुचत नव्हतं. गाडीत काढण्यासारखं उरलंच काय होतं? माणसं गाडीभोवती फेऱ्या मारत होती. त्याला आठवतं, त्याने दार उघडलं, आत बसला, आणि मान वर केली तर दाराच्या वरचं ते धरायचं हँडल दिसलं. त्याचा स्वतःचा हात त्याला कधी लागला नव्हता. तो चालवणारा. चालवणाऱ्याच्या हातात चाक असतं. त्याने ते हँडल पकडून ओरडून सांगितलं, "हे नको!" आणि दोनशे माणसांत अशी खुशीची लाट उठली, की बघ, इतकी वर्षं डोक्यावर होतं आणि कोणाला दिसलं नाही! तेवढ्यात विमला पुढे आली. विमला शिगवण. ती हँडलंच बसवायची, सबंध दिवस, एका गाडीत तीन. ती हळू आवाजात म्हणाली, "पण म्हातारी माणसं, बायका बसतात. त्यांनी धरायचं काय?" प्रश्न साधा होता. त्याला उत्तरही साधं देता आलं असतं. पण खुशी अंगात चढलेली, आणि सगळे आपल्याकडेच बघतायत, आणि गुरुप्रसादच्या तोंडून गेलं, "नवऱ्याचा खांदा धरायचा!" काय हशा पिकला! पत्र्याचं छप्पर दणाणलं. तो स्वतःही हसला. आणि हसता हसता, सगळ्यांच्या एक क्षण आधी, त्याला आठवलं की विमलाचा नवरा गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मग ते इतरांनाही आठवलं असणार, कारण हशा मध्येच तुटला, कुठेतरी कोपऱ्यात एकटाच कोणी हसत राहिला आणि तोही थांबला. विमला हसली नाही, रडली नाही. ती मागे जाऊन आपल्या जागी उभी राहिली. विठूदादा घाईघाईने म्हणाले, "हात वर." हात वर झाले. पुढल्या सोमवारपासून विमला वायरिंगच्या टेबलावर गेली. त्यानंतर गुरुप्रसाद रोज तिला "काय विमलाताई, चहा झाला?" विचारायचा, जरा जास्तच मोठ्याने, आणि ती रोज म्हणायची, "झाला." चार वर्षं तो आपली समजूत घालत होता की ती विसरली. माणसं विसरतात. तो स्वतः तर विसरलाच होता की, सर्कलला तो हात वर जाईपर्यंत.

घरी आईला बघायला माणसं येत होती. आईला गोष्ट सांगायला आवडतं. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून ती बाहेरच्या खोलीत बसायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला आपलं पडणं रंगवून सांगायची. "अशी दाणकन पडले, फणस पडावा तशी! मेलीला गाडीत बसायची हौस, पण उतरायची अक्कल नाय." बायका हसायच्या, चहा प्यायच्या, जायच्या. गुरुप्रसाद आतल्या खोलीत मोबाईल हातात घेऊन बसलेला असायचा. दर वेळी गोष्टीत आईचा वेंधळेपणा थोडा वाढायचा. आधी लुगड्यात पाय अडकला होता, मग तिने दारच चुकीचं धरलं, मग गाडी थांबायच्या आधीच ती उतरायला गेली. आणि लोकांना सांगता सांगता तिच्यासाठीही ते खरं होऊन बसलं. न्हाणीघरात जाताना ती सुनेला, राजश्रीला, हाक मारू लागली. देवळात जाणं बंद झालं. एकदा राजश्री त्याला म्हणाली, "अहो, आईंना झालंय काय? हात मोडलाय, पाय धड आहेत ना? खुर्चीवरून उठतानासुद्धा विचारतात, मी उठू का गो." गुरुप्रसाद म्हणाला, "वय झालं." राजश्रीने त्याच्याकडे बघितलं. पायरीची गोष्ट तिच्याही कानावर गेली होती का, हे विचारायची त्याला हिंमत झाली नाही.

मग पालीहून फोन आला. सखूमावशीने, आईच्या धाकट्या बहिणीने, अंथरूण धरलं होतं, आणि ताईला एकदा बघायचंय असं ती सारखं म्हणत होती. पाली काही लांब नाही, तासाभराचा रस्ता. गुरुप्रसाद म्हणाला, "उद्याच नेतो तुला." आईने फोन कानाला धरला होता. ती बहिणीला म्हणाली, "मला नाय गो जमायचं. गाडीत बसता येत नाय मला. परत कुठंतरी पडेन आणि ह्यांच्या डोक्याला ताप." पलीकडून मावशी काहीतरी बोलली असेल. आई म्हणाली, "बघू हां, बघू," आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसली. दोघी बहिणींत दीड वर्षाचं अंतर. गुरुप्रसाद तिच्यासमोर उभा होता. एक वाक्य पुरलं असतं. आये, त्यात तुझी चूक नव्हती. एवढंच बोललं असतं तर म्हातारी उठली असती, लुगडं नीट केलं असतं आणि पालीला निघाली असती. ते वाक्य त्याने न्हाणीघरात तोंडावर पाणी मारताना तीन-चार वेळा म्हणून पाहिलं. म्हणता येत होतं. पण ते आईसमोर म्हटलं की तिथे थांबता येणार नव्हतं. चूक तुझी नव्हती म्हटलं की मग कोणाची, हे आलंच, आणि मग दवाखान्यासमोरचं ते खेकसणं आलं, पायरी आली, टाळ्या आल्या, विमला आली. लाज काय एकटी येते? तो टॉवेलने तोंड पुसून बाहेर आला आणि आईला विचारलं, "चहा टाकू?"

शनिवारी नको-सभा होती. बोलायचं असं तो घरून ठरवून गेला. बाकं रचली गेली, मधोमध पांढरा मचवा येऊन उभा राहिला, यादीचं वाचन सुरू झालं. "दारावरचं हँडल," दर्शनने वाचलं, "गुरुप्रसाद मांडवकर." टाळ्या पडल्या. शेजारच्याने पाठीवर थाप मारली. गुरुप्रसादने हात जोडले. जोडले! दर वर्षी जोडायचा तसेच आपोआप जोडले गेले, आणि आता याच हातांनी पुढे जाऊन "हे हवं" म्हणायचं होतं.  कोणीतरी मागच्या सीटच्या गादीबद्दल बोललं, ती नको. वाद झाला. विठूदादांनी हाक मारली, "गुरुप्रसाद, तुझं काय मत? तुझा डोळा चांगला आहे." सगळे वळले. नऊ वर्षांत असा आयता मोका कोणाला मिळाला नसेल. त्याने तोंड उघडलं, आणि विमला दिसली, रचलेल्या बाकांपाशी हाताची घडी घालून उभी. तो म्हणाला, "गादी… पातळ करता येईल." "वा!" विठूदादा म्हणाले. हात वर झाले. गुरुप्रसादचाही झाला.

सभा सुटल्यावर नळापाशी विमला त्याच्या मागून आली. हात धुता धुता तिने विचारलं, "आईचा कुठला हात ओ मोडला, मांडवकर?"

"डावा."

"डावाच जाणार," ती म्हणाली. "पुढल्या सीटवरच्या माणसाचा डावा हात वर जातो. चार वर्षं बसवत होते मी. बसवून झालं की प्रत्येक गाडीत स्वतः बसून धरून बघायचे."

नळ चालू होता. गुरुप्रसादला तो बंद करायचं सुचलं नाही. आपलं नागडं अंग कोणीतरी बघितलं आणि त्याने ते आधीपासून पाहिलेलंच होतं, असं त्याला झालं. तो म्हणाला, "विमलाताई, त्या दिवशी मी जे बोललो ना, चार वर्षांपूर्वी, ते…"

"ते माझ्या लक्षात आहे," विमला म्हणाली. राग नव्हता, पण माफीही नव्हती. "त्या दिवशी घरी गेले तर सांगायला घरात कोणी नव्हतं. एवढंच वाईट वाटलं. आईला सांगितलंत, पायरी नव्हती म्हणून?"

"आईला माहीत आहे ना, ती कुठे पडली ते."

"का पडली ते माहीत आहे?"

गुरुप्रसादने ओले हात शर्टाला पुसले.

"मग मला कशाला सांगत बसलात," ती म्हणाली, आणि पदराला हात पुसत निघून गेली. नळ तिनेच बंद केला होता.

तो घरी आला तेव्हा आई मागच्या पडवीत सुपात कुळीथ निवडत होती, एका हाताने. सूप सरकत होतं, म्हणून तिने ते गुडघ्याने दाबून धरलं होतं. गुरुप्रसाद तिच्यासमोर जमिनीवरच बसला. बसल्या बसल्या बोलून टाकलं, नाहीतर तो उठून गेला असता. "आये, तू पडलीस ती तुझ्या चुकीने नाय. गाडीत दाराच्या वर धरायला हँडल असायचं. मीच ते काढायला लावलं. सभेत." आणि मग, का ते त्यालाही कळलं नाही, तो म्हणाला, "टाळ्या पडल्या होत्या."

आईने एक खडा बाजूला टाकला. "तू काढलंस?"

"हो."

"आणि ते नाय म्हणून मी पडले, हे तुला कधी कळलं?"

"सर्कलला. तू हात वर केलास ना, तेव्हा मला दिसलं."

आईचा हात सुपात थांबला. "म्हणजे पडायच्या आधी."

हे गुरुप्रसादच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके दिवस तो हँडल, सभा, टाळ्या, विमला असं सगळं उगाळत होता, स्वतःला चार वर्षांपूर्वीच्या चुकीबद्दल शिव्या देत होता, आणि ही बाई एका क्षणात नेमक्या जागी आली. त्याने पाहिलं होतं. सर्कल ते दवाखाना, पाच मिनिटं, त्याला ठाऊक होतं की हिला धरायला काही नाही. गाडी थांबवून, वळसा घालून, दार उघडून हात पुढे करायचा, एवढंच करायचं होतं. ते त्याने का केलं नाही? हॉर्न वाजला म्हणून? छे. तिच्याकडे बघायची लाज वाटत होती, म्हणून तो मागे बघत होता.

"आणि मी आल्यागेल्याला सांगत होते, मी धांदरट, मी मेली अडाणी," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तू आतल्या खोलीत होतास ना रे गुरू?"

"होतो."

"ऐकत होतास?"

"हो."

 आईने सूप गुडघ्याखालून काढलं, उजवा हात जमिनीला टेकला आणि उठली. कोणाला विचारलं नाही, राजश्रीला हाक मारली नाही. गुरुप्रसादने हात पुढे केला, तो तिने पाहिला आणि घेतला नाही. "उद्या पालीला जाते सखूकडं," ती म्हणाली.

"मी सकाळीच गाडी…"

"एष्टीनं. तिथं धरायला दांडा असतो."

रविवारी सकाळी स्टँडवर गर्दी नव्हती. आई स्वतःच्या पायाने चढली, उजव्या हाताने दांडा घट्ट धरून, एकेक पायरी, आणि खिडकीपाशी बसली. शेजारची जागा तिने गुरुप्रसादला ठेवली नाही, पिशवी ठेवली. तो मागच्या बाकावर बसला. तिच्या मानेवरचे पांढरे केस त्याला दिसत होते, आणि प्लास्टरची मळलेली कड. साळवी स्टॉपला एक मध्यमवयीन बाई चढली, आईने तिच्यासाठी पिशवी उचलली, आणि गाडी सुटायच्या आत दोघींचं गाव, माहेर, सुना असं सगळं बोलून झालं. आई बोलत होती, हसतसुद्धा होती. गुरुप्रसादला बरं वाटलं. आपण सांगितलं ते चांगलंच केलं, झालं गेलं, आता सगळं ठीक होईल, असं त्याच्या मनात आलंच होतं, तेवढ्यात बाईने विचारलं, "आणि हाताला काय झालं ओ आजी?"

गुरुप्रसाद पुढे झुकला. फणसाची गोष्ट आता येईल असं त्याला वाटलं, आणि कबूल करायला हवं, ती यावी असंही वाटलं.

आईने मान वळवून मागे बघितलं. "ह्याला विचार," ती म्हणाली. "माझा मुलगा."

बाई वळली. पलीकडच्या बाकावरचा म्हाताराही बघू लागला. "गाडीतून उतरताना पडली," गुरुप्रसाद म्हणाला, आणि आई अजून बघतेच आहे हे पाहून पुढे म्हणाला, "धरायला हँडल नव्हतं. असायचं आधी. आमचाच कारखाना आहे. ते मी काढलं."

"अगो बाई!" ती म्हणाली. तिच्या तोंडावर दोष देणं वगैरे काही नव्हतं, नुसतं नवल होतं. "कशाला ओ काढलंत?"

आईने मान परत वळवली नाही. ती उत्तराची वाट बघत होती.